बॅटमॅनची १९९२ ची कार्टून मालिका: कौतुक खरं की बालपणीची हळहळ?

प्रश्न असा आला आहे: ‘बॅटमॅन: दि अ‍ॅनिमेटेड सिरीज’चं एवढं कौतुक का होतं? मी पाच-सहा भाग पाहिले. चित्रं साधी आहेत, हालचाल मध्येच अडखळते, एका भागातला बॅटमॅन दुसऱ्या भागात वेगळाच दिसतो. नव्वदच्या दशकात जे लहान होते त्यांची ही नुसती हळवी आठवण तर नाही ना? आणि पाहायचीच झाली तर सुरुवात कुठून करू?

मी स्टोरीबोर्ड करतो, म्हणजे प्रत्येक शॉट कसा दिसेल ते आधी चित्रांत आखून देतो. त्याआधी बरीच वर्षं मुंबईत परदेशी मालिकांचं काम घेणाऱ्या स्टुडिओत ले-आउट (शॉटची मांडणी) आणि की-फ्रेमवर (हालचालीतली मुख्य चित्रं) होतो. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेली पात्रं, दुसऱ्या कुणीतरी काढलेला बोर्ड, आणि ते हलतं करून द्यायचं आमच्याकडे. त्यामुळे माझं उत्तर थोडं कारागिराच्या बाजूचं असेल. बॅटमॅनच्या मानसशास्त्रावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

तुमची तक्रार आधी मान्य करून टाकतो. हालचाल अडखळते. ८५ भागांपैकी काही तर उरकल्यासारखेच दिसतात. पण हे सगळं उघड दिसत असतानाही मालिका टिकली, आणि ती का टिकली हे शोधायला गेलं की तिची खरी ताकद हाती लागते. या मंडळींनी काय दाखवायचं नाही, हे आधी ठरवलं होतं. रेषा कमी, उजेड कमी, बोलणं कमी. त्यामुळे काम वाईट हातांत गेलं तरी सगळंच बिघडत नव्हतं.

थोडी पार्श्वभूमी. १९८९ मध्ये टिम बर्टनचा ‘बॅटमॅन’ तुफान चालला आणि वॉर्नर ब्रदर्सच्या अ‍ॅनिमेशन विभागाला बॅटमॅनची मालिका काढायची होती. विभागप्रमुख जीन मॅककर्डी यांनी स्टुडिओतल्या लोकांना विचारलं, कुणाला काही सुचतंय का? ब्रूस टिम आणि एरिक रॅडोम्स्की हे दोघे तेव्हा ‘टायनी टून अ‍ॅडव्हेंचर्स’वर काम करत होते. टिमने बॅटमॅन काढून आणला, रॅडोम्स्कीने गॉथम शहराची चित्रं आणली. दोघांना एकत्र बसवून जेमतेम दोन मिनिटांची एक नमुना-फिल्म करायला सांगितलं आणि तेवढ्यावर मालिका मंजूर झाली. याआधी दोघांपैकी एकानेही निर्माता म्हणून काही केलेलं नव्हतं. मागाहून लेखनाच्या बाजूला अ‍ॅलन बर्नेट आणि पॉल डिनी आले. ५ सप्टेंबर १९९२ ला फॉक्स किड्सवर, म्हणजे फॉक्स वाहिनीच्या मुलांच्या वेळेत, पहिला भाग लागला.

रॅडोम्स्कीने काय केलं ते समजून घ्या, कारण मालिकेचं अर्धं रूप त्या एका निर्णयात आहे. कार्टूनची बॅकग्राउंड साधारण पांढऱ्या कागदावर रंगवतात. आधी उजेड असतो, मग चित्रकार त्यात सावल्या घालतो. याने काळ्या कागदावर रंगवायला घेतलं. आता सगळं उलटं झालं. अंधार फुकट मिळाला, आणि जिथे काही दाखवायचं आहे तेवढ्याच ठिकाणी रंग लावायचा: खिडकीची चौकट, रस्त्यावरच्या दिव्याखालचा ओला फरशीचा तुकडा, इमारतीची एक कड. बाकीचं शहर आपण मनाने भरतो. या शैलीला त्यांनी ‘डार्क डेको’ असं नाव दिलं होतं. आर्ट डेको म्हणजे १९२०-४० च्या काळातल्या उंच, सरळसोट, पायऱ्यापायऱ्यांनी निमुळत्या होत जाणाऱ्या इमारतींची शैली. मुंबईकरांना ती नवी नाही. मरीन ड्राइव्हला आणि ओव्हल मैदानाच्या कडेला उभे राहिलात तर तिची समुद्राकाठची, गोलाईची, हसरी बहीण दिसेल. गॉथममधली मात्र हसत नाही.

आणि काळ कुठला? गाड्या १९४० च्या, टोप्या आणि कोट त्याच काळातले, घरातले टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, पोलीस हवाई जहाजांऐवजी फुगीर ब्लिंपमधून (फुग्यासारखं तरंगणारं हवाई वाहन) फिरतात, आणि बॅटमॅनच्या गुहेत मात्र भलामोठा संगणक. कुठल्याच वर्षात न बसणारं हे शहर असल्यामुळे ते जुनंही होत नाही. १९९२ सालची केशरचना आणि १९९२ सालचे कपडे घातलेली इतर कार्टूनं आज काढून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. मॅक्स फ्लायशरच्या स्टुडिओने १९४१ पासून केलेल्या सुपरमॅनच्या लघुपटांचा हा वारसा आहे, आणि टिमच्या चमूने तो कधी लपवला नाही.

आता रेषांकडे येऊ, कारण इथे माझा धंदा येतो.

त्या वेळी सगळं काम सेलवर (पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा), हाताने. एका सेकंदाला २४ फ्रेम, आणि एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं. एक भाग साधारण २२ मिनिटांचा. स्थिर शॉट, नुसते ओठ हलणारे शॉट वजा केले तरी हजारो चित्रांचा हिशेब होतो. आता बॅटमॅनच्या छातीवर स्नायूंच्या दहा रेषा जास्त असतील, तर त्या दहा रेषा त्या हजारो चित्रांत कुणीतरी काढायच्या आहेत. तो ‘कुणीतरी’ कॅलिफोर्नियात बसलेला नसतो. तो कोरियात, जपानात असतो, पुढच्या काळात आमच्यासारखा मुंबईत असतो. त्याच्यासमोर मॉडेल शीट असतं, म्हणजे पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून कसं दिसतं याचा तक्ता. त्यात जितक्या रेषा जास्त, तितक्या चुका जास्त. चेहरा वळला की नाकाशेजारची सुरकुती सरकते, पुढच्या चित्रात गायब होते, त्याच्या पुढच्यात परत येते, आणि पडद्यावर तो चेहरा थरथरतो. मग रीटेक येतात, म्हणजे तोच शॉट पुन्हा करून द्यायचा.

टिमने हे आधीच ओळखलं होतं. त्याचा बॅटमॅन बघा: हनुवटी म्हणजे एक चौकोनी ठोकळा, खांदे रुंद, कंबर बारीक, डोळे म्हणजे दोन पांढऱ्या चिरा. केप पुढून मिटली की अख्खा माणूस एक काळा आकार होऊन जातो, वर दोन टोकदार कान. हा आकार एखाद्या थकलेल्या कारागिराने रात्री अकरा वाजता काढला तरी बॅटमॅनच दिसतो. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर फॉक्सवरच ‘एक्स-मेन’ मालिका सुरू झाली. ती कॉमिकमधल्या चित्रांशी प्रामाणिक राहायला गेली, भरपूर पट्टे, भरपूर स्नायू, भरपूर रेषा. गोष्टी तिच्याही चांगल्या आहेत, माझ्या ओळखीतले कित्येक जण तिच्यावर जीव टाकतात. पण हालचाल सुरू झाली की त्या रेषा ओढताना झालेले हाल पडद्यावर दिसतात. तो दोष तिथल्या कारागिरांचा मी मानत नाही. तो मॉडेल शीटमध्येच होता.

एका भागातला बॅटमॅन दुसऱ्या भागात वेगळा दिसतो, असं तुम्ही म्हणालात त्याचं कारणही हेच. भाग वेगवेगळ्या स्टुडिओंना वाटलेले होते. जपानमधले टोकियो मूव्ही शिन्शा, स्पेक्ट्रम, सनराइज, कोरियातले डोंग यांग, एकॉम आणि इतर. याचा सगळ्यात उघड नमुना ‘फीट ऑफ क्ले’ या दोन भागांच्या गोष्टीत मिळतो. मॅट हेगन नावाचा नट अपघातात विद्रूप झालेला चेहरा लपवायला एक जादुई मलम वापरत असतो, त्याच मलमाच्या अतिमाऱ्याने तो मातीचा राक्षस होतो, कुठलंही रूप घेऊ शकणारा. पहिला भाग एकॉमने केला, दुसरा टोकियो मूव्ही शिन्शाने. पात्रं तीच, मॉडेल शीट तीच, आवाज तेच. पहिला बघताना तुम्ही गोष्ट बघता. दुसरा बघताना तोंड उघडं राहतं. शेवटाकडे बॅटमॅन हेगनला एका दालनात गाठतो आणि भोवतीच्या सगळ्या पडद्यांवर त्याने आयुष्यभर केलेल्या भूमिकांची चित्रं लावतो. ती बघून हेगनचं शरीर त्याचं ऐकेनासं होतं. एका रूपातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, हात एकाचा, चेहरा भलत्याचा, मध्येच नुसता चिखल, आणि त्या चिखलातून परत एक ओळखीचं तोंड वर येतं. हे हाताने काढलेलं आहे, एकेक चित्र. अशा शॉटमध्ये आकारमान सांभाळणं किती अवघड असतं, हे ज्याने कधी इनबिटवीन, म्हणजे दोन मुख्य चित्रांमधली चित्रं काढण्याचं काम, केलंय त्यालाच कळेल. आणि हे सगळं तंत्र कशासाठी, तर भूमिका करता करता स्वतःचा चेहरा हरवलेल्या नटाचं दुःख दाखवण्यासाठी.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो पहिला भाग. त्यातलं अ‍ॅनिमेशन कमी पडतं आणि तरी गोष्ट आपल्याला धरून ठेवते. कारण शॉटची निवड, संवाद, आवाज आणि संगीत हे चारही खांब लॉस एंजेलिसमध्येच उभे केलेले होते. ते बोटीत बसवून बाहेर पाठवलेले नव्हते.

यातल्या आवाजाबद्दल जरा सांगायला हवं. आपल्याकडे डबिंगची सवय असल्यामुळे आवाज चित्रानंतर येतो असं वाटतं. तिथे उलट असतं, आधी आवाज, मग त्या आवाजावर ओठ आणि हातवारे. या मालिकेच्या आवाजाच्या दिग्दर्शिका अँड्रिया रोमानो. नटांना एकेकटं काचेमागे बसवून ओळी वाचून घेण्याऐवजी शक्य तेव्हा त्या सगळ्यांना एकाच खोलीत, समोरासमोर बोलायला लावायच्या, आपल्या आकाशवाणीवर श्रुतिका होत असत तशा. म्हणून संवादात खरा प्रतिसाद ऐकू येतो, एकाने वाक्य टाकलं की दुसऱ्याचा श्वास बदलतो. एखादा भाग डोळे मिटून ऐका. गोष्ट पूर्ण कळते.

बॅटमॅनला आवाज देणाऱ्या केव्हिन कॉनरॉयने एका माणसाचे दोन आवाज केले: मुखवट्याविना, ब्रूस वेन म्हणून बोलतो तेव्हा हलका, थोडा बेफिकीर, श्रीमंताघरच्या मुलासारखा, मुखवटा चढला की खालचा, सावकाश. आणि बारकावा असा की एकटा असताना, त्याचा जुना नोकर आल्फ्रेडसमोर असताना, तो बॅटमॅनच्या आवाजाकडे झुकतो. म्हणजे सोंग कुठलं आणि खरा माणूस कुठला, हे संवादात एक शब्दही न घालता कळतं. कॉनरॉय १० नोव्हेंबर २०२२ ला गेला. त्याच वर्षी त्याने एका छोट्या चित्रकथेत स्वतःबद्दल लिहिलं होतं. समलिंगी नट म्हणून लपून जगताना स्वतःच्या चेहऱ्यावर कसा मुखवटा चढवावा लागला आणि या भूमिकेच्या वेळी तो अनुभव कसा वर आला, हे त्यात आहे. ते वाचल्यावर तो खालचा आवाज वेगळाच ऐकू येतो.

जोकरसाठी आधी टिम करीला घेतलं होतं, मग ते काम मार्क हॅमिलकडे आलं. ‘स्टार वॉर्स’मधला सज्जन ल्यूक स्कायवॉकर तो हाच. त्याचं हसणं एकच नाही. खुशीचं वेगळं, चिडीचं वेगळं, भीती लपवायचं वेगळं.

संगीताबद्दल थोडक्यात. शीर्षकधून डॅनी एल्फमनची, पण मालिकेचं संगीत शर्ली वॉकर आणि तिच्या चमूचं. प्रत्येक भागासाठी नवं संगीत आणि ते वाजवायला खरा वाद्यवृंद. टीव्हीवरच्या कार्टूनला तेव्हा साठ्यातल्या तयार धुना चिकटवणं सर्रास चालायचं. इथे खलनायकागणिक स्वतंत्र धून आहे, आणि ती धून त्या पात्राच्या मनःस्थितीप्रमाणे बदलते. अ‍ॅनिमेशन जिथे लंगडं पडतं तिथे बहुतेक वेळा वॉकरबाईंनी सावरून घेतलं आहे.

आता एक भाग जवळून बघू: ‘हार्ट ऑफ आइस’. लेखन पॉल डिनी, दिग्दर्शन स्वतः ब्रूस टिम, ७ सप्टेंबर १९९२ ला लागलेला. मिस्टर फ्रीझ हा तोवर कॉमिकमधला तिय्यम दर्जाचा खलनायक. बर्फाची बंदूक घेऊन चोऱ्या करणारा, एवढीच त्याची ओळख. डिनीने त्याला बायको दिली.

भाग उघडतो तो एका काचेच्या गोलावर. आत बर्फ भुरभुरतोय, मधे नाचणारी बाहुली, संगीतपेटीची बारीक धून. एक आवाज बोलतो, थंड, सपाट, यंत्रातून आल्यासारखा. शब्द विरहाचे आहेत, आवाजात मात्र काहीच नाही. मायकेल अन्साराकडून टिमने हे मुद्दाम करून घेतलं: भावना अजिबात दाखवायची नाही. एखाद्या कमी धीराच्या दिग्दर्शकाने इथे हुंदका मागितला असता.

मग नेहमीची गोष्ट चालू होते. फ्रीझ गॉथकॉर्प या कंपनीच्या ठिकाणांवर दरोडे घालतोय, सुटे भाग पळवतोय. बॅटमॅनला दरम्यान सर्दी झालेली आहे आणि आल्फ्रेड त्याला थर्मासमध्ये गरम सूप बांधून देतो. आपण हसतो आणि विसरून जातो. बॅटमॅन गॉथकॉर्पमध्ये शिरून एक व्हिडिओ टेप बघतो, आणि इथे भागाचा कणा आहे. डॉ. व्हिक्टर फ्राइज आपल्या असाध्य आजारी बायकोला, नोराला, उपचार सापडेपर्यंत गोठवून ठेवतोय. कंपनीचा मालक फेरिस बॉइल पहारेकरी घेऊन येतो, कंपनीची यंत्रं विनापरवाना वापरली म्हणून प्रयोग बंद करायला लावतो. फ्राइज विनवण्या करतो. बॉइल त्याला लाथ मारून रसायनांवर ढकलतो. हे सगळं आपण पाहतो ते टेपमधून, खोलीतल्या एका जागी लावलेल्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखं. नोराचं काय झालं ते थेट दाखवत नाहीत. दाखवायची गरजही नाही. बॅटमॅन ते बघून दोनच शब्द बोलतो, ‘माय गॉड.’

आणि ज्या समारंभात फ्रीझ सूड घ्यायला येतो, तिथे याच बॉइलला मानवतेच्या सेवेबद्दल गौरवलं जात असतं. शेवटी ते सूप कामाला येतं: बॅटमॅन थर्मास फ्रीझच्या काचेच्या शिरस्त्राणावर फोडतो, गरम-गार एकत्र आल्याने काच तडकते. मग तो टेप वार्ताहर बाईच्या हाती देतो आणि बॉइलला ‘गुड नाइट, मानवसेवक’ अशा अर्थाचं एक वाक्य सुनावून निघून जातो. फ्रीझ कोठडीत, हातात तोच काचेचा गोल, बायकोची क्षमा मागतोय. आवाज अजूनही जवळजवळ तसाच. पण आता आपल्याला आतलं माहीत आहे, म्हणून तोच सपाटपणा असह्य होतो.

बावीस मिनिटांत एवढं. डिनीला या लेखनासाठी डेटाइम एमी (अमेरिकी टीव्हीवरच्या दिवसाच्या कार्यक्रमांचा पुरस्कार) मिळालं, आणि गंमत म्हणजे पुढे मूळ कॉमिकने ही नोराची कहाणी उचलली. १९९७ च्या सिनेमानेसुद्धा ती घेतली, पण तिचं काय केलं ते विचारू नका. फ्रीझचं ते गोल शिरस्त्राण आणि लाल चष्मा हे माइक मिग्नोलाने आखलेलं रूप. तेही किती कमी रेषांचं आहे बघा.

बंधनांचा विषय निघाला तर वाहिनीचा सेन्सॉर विसरून चालणार नाही. मुलांची वेळ, त्यामुळे रक्त नको, माणूस काचेतून आरपार जायला नको, गळा आवळायला नको, लहान मूल संकटात नको. बंदुका मात्र या मालिकेला खऱ्या दाखवू दिल्या, लेझरच्या खेळण्यांऐवजी, हे तेव्हा अप्रूपच होतं. या नियमांवर वैतागून टिमने सगळ्या निषिद्ध गोष्टी एकाच चौकटीत कोंबलेलं एक चावट चित्र काढलं होतं, ते चाहत्यांत अजून फिरतं.

पण याच नियमांतून ‘रॉबिन्स रेकनिंग’मधला तो शॉट निघाला. पुढे बॅटमॅनचा साथीदार रॉबिन होणाऱ्या लहानग्या डिकचे आईवडील सर्कशीत झुल्यावर कसरत करतात. झुल्याचा दोर कुणीतरी आधीच कापून ठेवलाय. दोघे झोका घेत चौकटीबाहेर जातात. आपण थांबतो. आणि परत येतो तो नुसता तुटका दोर. बस. ना पडताना दिसणं, ना किंकाळी, ना जमिनीवरची चादर. बोर्ड शिकवताना मी हा शॉट दाखवतो आणि मुलांना विचारतो, कॅमेरा खाली वळवला असता तर काय मिळालं असतं? बहुतेकांना उत्तर लगेच सापडतं. या दोन भागांच्या गोष्टीतल्या पहिल्या भागाला १९९३ मध्ये प्राइमटाइम एमी मिळालं, मोठ्यांच्या कार्यक्रमांच्या पंक्तीत बसून.

शीर्षकदृश्यसुद्धा त्याच जातीचं आहे. मिनिटभराचं, टोकियो मूव्ही शिन्शाचं काम. दोन चोर, बँकेत स्फोट, गच्चीवर गाठणारी एक सावली, झटापट, बांधून ठेवलेले चोर, कॅमेरा वर जातो, वीज चमकते आणि बॅटमॅन पहिल्यांदा उजेडात. त्यात एक शब्द नाही. मालिकेचं नावसुद्धा नाही! सुरुवातीच्या भागांत ते नाव पडद्यावर येतच नाही. टीव्हीवाल्यांना आज हे पटवून दाखवा.

आता दुसरी बाजू. मालिकेत फालतू भाग आहेत. ‘आयव्ह गॉट बॅटमॅन इन माय बेसमेंट’ हा बेशुद्ध बॅटमॅनला तळघरात लपवणाऱ्या मुलांचा भाग कुणीच वकिली करू नये असा. मुलांना केंद्रस्थानी ठेवून लिहिलेले भाग एकूणच पडेल आहेत. मुलांना समजावं म्हणून लिहिलं की ही मालिका घसरते, आणि मोठ्यांशी बोलल्यासारखं लिहिलं की मुलंही डोळे लावून बघतात. १९९४ पासून रॉबिनला पुढे आणून नाव ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ बॅटमॅन अँड रॉबिन’ केलं, त्याने मला तरी काही मिळालं नाही. १९९७ ला पात्रं नव्याने आखून ‘द न्यू बॅटमॅन अ‍ॅडव्हेंचर्स’ आली, रेषा आणखी कमी झाल्या. स्केअरक्रो या खलनायकाला ते भयंकर शोभलं. जोकरच्या चेहऱ्यावरचं इतकं पुसलं की हॅमिलच्या आवाजाला धरायला जागाच राहिली नाही. कमी करत जाण्यालाही एक तळ असतो.

राहिला हळवेपणाचा आरोप. तो काही अंशी खरा आहेच, माझ्या पिढीला ही धून ऐकली की शाळेचं दप्तर आठवतं. पण हार्ली क्विनचं काय कराल? ती कॉमिकमध्ये नव्हतीच. डिनी आणि टिम यांनी ‘जोकर्स फेवर’ या भागापुरती जोकरची एक विदूषकी साथीदार बनवली, डिनीची कॉलेजमधली मैत्रीण, नटी आर्लीन सॉर्किन हिच्यावरून बेतलेली आणि तिनेच बोललेली. ती इतकी जमली की परत बोलावली, मग कॉमिकमध्ये गेली, मग सिनेमांत. आज जी मुलं हार्लीचा पोशाख करून फिरतात त्यांचा या मालिकेच्या वेळी जन्मही झालेला नव्हता. त्यांना कसली हळवी आठवण?

‘जोकर्स फेवर’ तसाही पाहाच, हार्ली सोडूनसुद्धा. चार्ली कॉलिन्स नावाचा एक साधा, घरसंसारी माणूस वैतागाच्या भरात हायवेवर एका गाडीवाल्याला शिव्या घालतो, आणि तो गाडीवाला जोकर निघतो. जोकर त्याला सोडतो, पण ‘माझं एक काम तू देणं लागतोस’ या अटीवर. चार्ली गाव बदलतो, नाव बदलतो. दोन वर्षांनी फोन येतो. या भागात जोकरला खरी भीती घालतो तो बॅटमॅन नाही, हाच टकलावत चाललेला चार्ली.

तर सुरुवात कुठून? क्रमाने बघू नका, गरज नाही, भाग सुटे आहेत. पहिला ‘ऑन लेदर विंग्ज’, सगळ्यात आधी बनलेला, शहराचं रूप कळायला. मग ‘हार्ट ऑफ आइस’, मग ‘फीट ऑफ क्ले’चे दोन्ही भाग सलग, म्हणजे मी स्टुडिओंबद्दल जे म्हटलं ते डोळ्यांनी दिसेल. ‘बिवेअर द ग्रे घोस्ट’ चुकवू नका: एकाच भूमिकेचा शिक्का बसल्यामुळे काम न मिळणारा म्हातारा नट, जुनी खेळणी विकून भाडं भरणारा, आणि त्याला आवाज दिलाय अ‍ॅडम वेस्टने, जो १९६६ च्या टीव्हीवर बॅटमॅन होता आणि ज्याचं नंतर साधारण हेच झालं. त्यातल्या खेळणीवाल्याचा आवाज ब्रूस टिमचा स्वतःचा आहे. सिनेमा बघायचा तर २५ डिसेंबर १९९३ चा ‘मास्क ऑफ द फँटॅझम’, पण दहा-बारा भागांनंतर. जमेल तिथे मूळ इंग्रजी आवाजातच बघा, वर सांगितलंच का ते.

आणि एखाद्या संध्याकाळी हलकंफुलकं काही हवं असेल तर ‘ऑलमोस्ट गॉट एम’ लावा. पाच खलनायक पत्ते खेळत बसलेत आणि आपण बॅटमॅनला जवळजवळ कसं संपवलं होतं ते आळीपाळीने सांगताहेत. सगळ्यांचे बेत एकापेक्षा एक गुंतागुंतीचे. किलर क्रॉकची पाळी आली की तो सांगतो, मी त्याला दगड मारला. सगळे गप्प. मग तो समजावतो, पण दगड मोठा होता.